घरच्या मोटारीची बखर

इतिहास म्हटला कीं आपल्या मनापुढें गड, तह, लढाया आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात, आणि तें स्वाभाविकहि आहे. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांत आपल्या नित्याच्या जीवनाला ज्या वस्तूंनीं नवें वळण लावलें, त्यांचा बखरकार मात्र क्वचितच आढळतो. मोटार ही अशा वस्तूंपैकींच एक. नागपुरांतील धंतोली, महाल, सिव्हिल लाइन्स अशा जुन्या वस्त्यांतून फिरतांना एखाद्या बंगल्याच्या मागील अंगणांत, कडूनिंबाच्या छायेंत, ताडपत्रीखालीं झांकलेली एखादी जुनी गाडी अजूनहि दृष्टीस पडते. आजोबांनीं ती घेतली, वडिलांनीं चालविली आणि आतां नातवाला तिचें काय करावें हें उमजत नाहीं. भंगारवाला दारांत उभा असतो. हौशी गिऱ्हाईकहि मधून मधून डोकावून जातें. श्रोतेहो, अशी गाडी घरीं सांभाळणें व शक्य तितकी घरींच दुरुस्त करणें ही केवळ श्रीमंती हौस नव्हे. तिच्यामागें एक परंपरा आहे, आणि ती परंपरा समजून न घेतां केलेली दुरुस्ती पुष्कळदां नासाडीच ठरते. हेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. 'व्हिंटेज' हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा. इंग्लंडांतील शौकिनांच्या प्रघाताप्रमाणें १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्यांना 'व्हेटरन' म्हणतात आणि १९१९ ते १९३० या काळांतील गाड्यांना 'व्हिंटेज'. आपल्या देशांत मात्र २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनीं निराळी व्याख्या केली आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, जी मूळ स्वरूपांत राखलेली आहे आणि जिच्या सांगाड्यांत, कायेंत वा यंत्रांत मोठा फेरफार झालेला नाहीं, अशी खासगी दुचाकी किंवा चारचाकी गाडी आतां सरकारदरबारीं 'व्हिंटेज' ठरते. या व्याख्येंतील 'मूळ स्वरूप' हे दोन शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्यांच्याभोंवतीं फिरणारें आहे.

मोटारीच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे, आणि त्याचा आरंभ एका गृहिणीपासून झाला, हें सांगण्यांत मला विशेष आनंद वाटतो. जर्मनींत कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या तीनचाकी गाडीची सनद मिळविली. पण ती गाडी लांबच्या प्रवासाला उपयोगी पडेल, हें लोकांना पटेना. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्याची पत्नी बेर्टा हिनें दोन मुलांना बरोबर घेतलें आणि नवऱ्याला न सांगतां मानहाइमहून फोर्झहाइमचा रस्ता धरला. हें अंतर सुमारें ६५ मैल, म्हणजे नागपूर ते वर्धा या अंतराहूनहि अधिक. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. एका तारेचें वेष्टण झिजलें, तेथें मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हां गांवच्या चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. आणि इंधन संपलें तें एका औषधविक्याच्या दुकानांतून भरून घेतलें. त्या काळीं मोटार दुरुस्त करणारें दुकान जगांत कोठेंच नव्हतें. चांभार, लोहार, औषधविक्या आणि स्वतःची अक्कल हेंच तेव्हांचें गॅरेज. पुढील अर्धशतकांत आपल्याकडेहि पुष्कळ अंशीं हीच स्थिति होती.

विसावें शतक उजाडण्याच्या सुमारास मुंबईंत मोटारी दिसूं लागल्या. त्यांच्या आरंभींच्या हिंदी मालकांत जमशेटजी टाटा यांचें नांव घेतलें जातें. या जमशेटजींनींच १८७७ सालीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू केली होती. रेल्वे तर त्याहूनहि दहा वर्षें आधीं, म्हणजे १८६७ सालीं, येथें येऊन पोहोंचली होती. मोतीबागेंत अरुंद रुळांच्या रेल्वेचा कारखाना उभा राहिला. यंत्राचा आवाज ऐकून त्याचें दुखणें ओळखणारे जोडारी, लेथवर भाग कातून देणारे कारागीर आणि भट्टीवर लोखंड वळविणारे लोहार मोटार येण्यापूर्वींच या शहरांत नांदत होते. ज्या गांवीं गिरणी व रेल्वेचा कारखाना असतो, तेथें मोटार बिघडली तरी अगदींच अनाथ होत नाहीं. नागपूरच्या जुन्या गाड्या टिकल्या त्यांत या पूर्वतयारीचा वांटा मोठा असला पाहिजे.

त्या काळच्या गाड्यांत सर्वत्र पसरली ती फोर्डची 'मॉडेल टी'. १९०८ ते १९२७ या अवधींत ती दीड कोटीहून अधिक संख्येनें तयार झाली. ब्रिटिश साम्राज्यांतील बहुतेक देशांना ती कॅनडांतील कारखान्यांतून पुरविली जाई, आणि १९२६ मध्यें याच कॅनडियन शाखेनें मुंबईस आपली हिंदी कंपनी स्थापन केली. १९२८ पासून जनरल मोटर्सनेंहि मुंबईंत शिवडी येथें गाड्यांची जुळणी आरंभिली. 'मॉडेल टी'ची रचना पाहिली म्हणजे ती शेतकऱ्याच्या अंगणांत दुरुस्त व्हावी याच हेतूनें आंखली होती, असें दिसून येतें. तिचें यंत्र चार नळकांड्यांचें, शक्ति अवघी वीस अश्वबळाची. नळकांड्यांवरील झांकण सुटें असल्यामुळें तें उघडून आंतील काजळी खरवडणें घरीं जमत असे. पेट्रोल ओढणारा पंप नव्हताच. टाकी बैठकीखालीं असे आणि पेट्रोल आपल्या भारानेंच खालीं उतरे. त्यामुळें टाकी भरलेली नसली कीं उभ्या चढावर पेट्रोल यंत्रापर्यंत पोहोंचत नसे, आणि चालक गाडी उलटी फिरवून मागल्या पावलीं चढ चढवीत. पेट्रोल किती उरलें तें टाकींत काठी बुडवून पाहावयाचें, विहिरीच्या पाण्याचा ठाव घ्यावा तसें.

पाणी थंड ठेवण्यासाठींहि बहुतेक 'टी' गाड्यांत पंप नसे. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, रेडिएटरांत निवून खालीं उतरे. तत्त्व साधें, परंतु नवतप्याच्या दिवसांत, पारा ४५ अंशांवर गेला असतां, या साध्या तत्त्वाचीहि परीक्षा होई. त्यांत विहिरीचें जड पाणी भरलें कीं नळ्यांत क्षारांचें कीट बसे. म्हणून पावसाचें धरलेलें किंवा उकळून गाळलेलें पाणी रेडिएटरांत घालावें, हा नियम आजहि जुन्या गाडीला तितकाच लागू आहे.

पुष्कळ गाड्यांचीं चाकें लांकडी आरांचीं असत. कोरड्या उन्हाळ्यांत लांकूड आक्रसे, आरे खुळखुळूं लागत. हा रोग आपल्या सुताराला नवा नव्हता. बैलगाडीच्या चाकाचाहि हाच रोग. चाक ओल्या गोणपाटांत ठेवून लांकूड फुगविण्याचा तात्पुरता उपाय गाडीवानाला ठाऊक होता, आणि धाव लाल करून चाकावर चढवावी व पाणी ओतून आवळावी, ही विद्या गांवोगांव होती. तींतील शहाणपण मोटारीच्या चाकालाहि उपयोगी पडलें. बेअरिंगांचेंहि तसेंच. आजच्यासारखीं तयार बेअरिंगें तेव्हां नसत. कथिलप्रधान मऊ मिश्रधातु वितळवून जागच्या जागीं ओतीत आणि मग दांडा त्यांत अचूक बसेपर्यंत ती खरवडीत. झीज झाली कीं मधली पातळ पत्री काढून टोपी पुन्हां आवळावयाची. अशा ओतकामांत आंच किती द्यावी, हें हातालाच कळावें लागतें. तें पुस्तकांतून येत नाहीं. आणि ही कला जाणणारे हात आज फारच थोडे उरले आहेत.

येथें एक सावधगिरीची सूचना. जुनी गाडी हॅंडल मारून सुरू करतांना प्रथम ठिणगीची वेळ मागें घ्यावी, गिअर सुटा आहे याची खात्री करावी, आंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि हॅंडल नेहमीं खालून वर ओढावें. वरून खालीं कधींहि दाबूं नये. यंत्र उलट फिरलें तर हॅंडल हाताबाहेर निसटून जावें, मनगट मोडूं नये, हा यांतील हेतु. १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत विजेचा स्टार्टर आला आणि पुढें तो सर्वत्र पसरला. परंतु जुन्या गाडीला हें शिष्टाचाराचें बंधन अजून आहे.

दुसऱ्या महायुद्धानें मोटारमालकांची खरी कसोटी पाहिली. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आलें. मोटारबसच्या मागें लोखंडी पिंप बसवून त्यांत कोळसा जाळावयाचा आणि त्यापासून निघणाऱ्या वायूवर यंत्र चालवावयाचें, असा प्रकार तेव्हां रूढ झाला. या वायूनें शक्ति कमी मिळे, यंत्रांत राख व डांबर सांचे, आणि चालकाला रोजच सफाई करावी लागे. परंतु गाडी चाले. आपल्या शेजारच्या वर्ध्याची गोष्ट तर याहून मौजेची आहे. जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून ती वर्धा व सेवाग्राम यांच्या दरम्यान चालविली जाई. बैलांनीं ओढलेली फोर्ड म्हणून तिचें नांव विनोदानें 'ऑक्सफर्ड' पडलें! ज्या यंत्रानें बैलाला रजा दिली होती, त्याच यंत्राच्या सांगाड्याला बैलानें पुन्हां चालतें केलें. इंग्रजी विद्येच्या त्या नामांकित पीठाचें नांव सेवाग्रामच्या धुळीनें माखलेल्या गाडीला मिळावें, यांतील विनोद गांधीजींच्या सहवासांतील मंडळींना खचित रुचला असेल.

स्वातंत्र्याच्या सुमारास एक नवा अध्याय सुरू झाला. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ मध्यें कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. पुढें १९५३ सालीं केंद्र सरकारनें असें धोरण पत्करलें कीं, ज्यांच्यापाशीं भाग येथेंच घडविण्याची योजना नाहीं, त्यांनीं नुसत्या जुळणीचा धंदा आवरावा. फोर्ड व जनरल मोटर्स यांनीं गाशा गुंडाळला. देशी उद्योगाच्या दृष्टीनें हें धोरण योग्य होतें कीं नव्हतें, हा वाद अर्थशास्त्र्यांवर सोंपवूं. मोटारमालकाच्या दृष्टीनें त्याचा परिणाम एवढाच झाला कीं, घरांतील फोर्ड वा शेव्हरोले गाडीचे सुटे भाग दुर्मिळ झाले. तेव्हांपासून 'नवा भाग आणा' हा पर्याय संपला आणि 'आहे तो भाग नीट करा' हाच मार्ग उरला. आपल्याकडील मिस्त्रीची कल्पकता, लेथवाल्याची करामत आणि घरमालकाची चिकाटी या टंचाईंतून वाढीस लागली.

या काळांत घरोघरीं हत्यारांच्या पेटींतहि इतिहास गोळा झाला. इंग्रजी ऑस्टिन किंवा मॉरिस गाडीच्या नटांना व्हिटवर्थच्या मापाचे पाने लागत. हें माप जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ मध्यें सुचविलें होतें. अमेरिकन फोर्डला इंचाचे निराळे पाने, आणि इटालियन घराण्यांतील फियाटला मिलिमीटरचे. हीं तीन मापें एकमेकांच्या जवळपास येतात, पण जुळत नाहींत. आणि जवळपासचा पाना लावला कीं नटाचे कोपरे झिजून तो कायमचा बिघडतो. विजेचेंहि असेंच. जुन्या गाड्या बहुधा सहा व्होल्टच्या, आणि इंग्रजी गाड्यांपैकीं पुष्कळांत बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेला. आजच्या सवयीनें उलट जोडणी केली तर नुकसान ठरलेलें. म्हणून जुन्या गाडीला हात लावण्यापूर्वीं तिचें कुल व गोत्र विचारावें.

आतां आजच्या परिस्थितीकडे वळूं. कुर्ल्याच्या फियाटला १९७४ मध्यें 'पद्मिनी' हें नांव मिळालें. मुंबईच्या रस्त्यांवरून या गाडीच्या टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटचा निरोप घेतला. मध्यमवर्गीय घरांनीं नंबर लावून, वर्षानुवर्षें वाट पाहून घेतलेली ती फियाट आतां वयाची पन्नाशी ओलांडून व्हिंटेजच्या पंक्तीला बसूं लागली आहे. म्हणजे हा प्रश्न आतां केवळ संस्थानिकांच्या रोल्स रॉइस गाड्यांचा उरला नाहीं, तो आपल्यासारख्या घरांचा झाला आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें अशा गाडीच्या नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती १० वर्षें चालते. क्रमांकांत राज्याच्या अक्षरांपुढें 'व्हीए' हीं अक्षरें येतात. अशी गाडी रोजच्या कामाला वा भाड्यानें वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, तसेंच दुरुस्ती व इंधन भरणें यांसाठींच ती रस्त्यावर आणावयाची असते.

इंधनहि बदललें आहे. पेट्रोलमध्यें शिसें मिसळण्याची चाल १९२३ मध्यें अमेरिकेंत सुरू झाली आणि आपल्या देशांत २००० सालीं ती बंद झाली. त्यामुळें 'मॉडेल टी'सारख्या अगदीं जुन्या यंत्राचें कांहींच अडत नाहीं, कारण तें शिसें येण्यापूर्वींच जन्मलें. अडतें तें मधल्या पिढीच्या गाड्यांचें, ज्यांच्या झडपांच्या बैठकी शिशाच्या भरंवशावर घडविल्या होत्या. आतांच्या पेट्रोलमध्यें तर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओलावा ओढून घेतें आणि जुनें रबर व बूच नासवितें. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकींत जुनें पेट्रोल सांठवून ठेवूं नये आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्या.

नागपूरच्या हवेंत वर्षाचें वेळापत्रक असें ठेवावें. उन्हाळ्यांत गाडी छायेंत, ठोकळ्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे टायरांवर भार राहत नाहीं. बॅटरींत शुद्ध पाणी पाहत जावें. चालवितांना पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली तर पंपावर ओलें फडकें टाकण्याचा जुना उपाय अजूनहि कामास येतो. पावसाळ्यांत ताडपत्री गाडीला चिकटून बसूं देऊं नये, खालीं हवा खेळती ठेवावी, आणि उंदरांनीं तारांचें कापडी वेष्टण कुरतडलें नाहीं ना हें पाहावें. हिंवाळा हा मोठ्या कामाचा काळ. काजळी काढणें, झडपा घासणें, वंगण बदलणें हीं कामें दिवाळीनंतर काढावीं. बंद खोलींत यंत्र चालवूं नये, कारण धुरांतील विषारी वायूला वास नसतो. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्यानें तेथील धूळ फुंकूं नये. ओल्या फडक्यानें पुसावी. आणि ब्रेक व सुकाणू यांचें काम जाणत्या मिस्त्रीच्या नजरेखालूनच जावें. त्यांत काटकसर नको.

इतकें केलें म्हणजे गाडी चालेल. परंतु ती 'तीच' गाडी राहील काय? खरा प्रश्न हा आहे. आपल्या गडकोटांच्या डागडुजीचें उदाहरण घ्या. चुन्यांत बांधलेल्या तटाला सिमेंट फासलें तर भिंत उभी राहते, पण जुना बांधकामकौशल्याचा पुरावा पुसला जातो, आणि कडक सिमेंट मऊ दगडालाहि जाचतें. गाडीचेंहि तसेंच आहे. चकचकीत रंग, नवें यंत्र, नवी बैठक चढवून जी गाडी मिरवते, ती बहुधा आपल्या मूळ अवताराची नक्कल असते. उलट आजोबांनीं टंचाईच्या काळांत पितळेचा तुकडा घासून बसविलेला भाग हा १९५३ नंतरच्या भारताचा अस्सल कागद आहे. तो काढून फेंकणें म्हणजे दफ्तरांतील पान फाडणें होय. १९४१ च्या जानेवारींत नेताजी सुभाषचंद्र बोस ज्या 'वांडरर' गाडींतून कलकत्त्याहून निसटले, ती २०१७ मध्यें दुरुस्त झाली, तेव्हां तिला नव्या गाडीचें रूप न देतां १९४१ चें रूप देण्याचा प्रयत्न झाला. कोल्हापूरच्या छत्रपतींची 'मेबॅक' गाडी दसऱ्याच्या सोहळ्यांत अजून रस्त्यावर येते; ती काळजीपूर्वक निगेमुळेंच. आणि नागपुरांत मोतीबागेस २००२ पासून अरुंद रुळांच्या रेल्वेचें संग्रहालय आहे. यंत्रें जपण्याची बुद्धि या शहराला परकी नाहीं.

तेव्हां घरच्या माणसांनीं एवढें करावें. एक वही घालावी. तींत गाडी केव्हां, कोणाकडून, कितीला घेतली; सांगाड्यावरील व यंत्रावरील क्रमांक; कोणता भाग केव्हां बदलला, तो कोणीं घडविला; काढलेला जुना भाग कोठें ठेवला, हें सर्व तारीखवार लिहावें. नवा भाग बसवावा लागला तर असा बसवावा कीं उद्यां तो काढून जुना परत लावतां येईल. आणि मोहल्ल्यांत एखादे वृद्ध मिस्त्री असतील तर त्यांना चहाला बोलावून, गाडीपाशीं खुर्ची टाकून, घरांतील मुलांना त्यांच्याशेजारीं बसवावें. ते आवाज ऐकून काय सांगतात तें टिपून घ्यावें. भंगारवाल्याचा काटा लोखंडाचें वजन सांगेल. या वहींतील मजकुराचें वजन त्याला करतां यावयाचें नाहीं. गाडी विकावी लागली तरी ही वही तिच्याबरोबर द्यावी, म्हणजे नवा मालक तरी ती पुढें लिहीत राहील.